कृतीचा हिशेब आणि कर्त्याचे निवेदन : कृतिनिष्ठ उपयुक्ततावाद व गॉडविनची कादंबरी

१

नीतिसिद्धान्त आणि कादंबरी यांच्या संबंधाचा विचार करताना समीक्षा सामान्यतः दोन वाटा चोखाळते. एका वाटेने कादंबरी ही सिद्धान्ताचे उदाहरण ठरते, तर दुसऱ्या वाटेने ती सिद्धान्ताचे खंडन ठरते. उपयुक्ततावादाच्या बाबतीत दुसरी वाट अधिक रुळलेली आहे. डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’ (१८५४) मधील ग्रॅडग्राइंड हा या सिद्धान्ताच्या पराभवाचा साक्षीदार म्हणून वारंवार उभा केला जातो. परंतु विडंबनाने सिद्धान्ताचे खंडन होत नाही; फार तर त्याच्या एका विपर्यस्त रूपाचे हसे होते. कादंबरी या वाङ्मयप्रकाराला नीतिसिद्धान्ताविषयी काही सांगावयाचे असेल, तर ते सिद्धान्ताच्या सर्वांत समर्थ रूपाविषयी सांगता आले पाहिजे, आणि तेही कादंबरीच्या रचनेतून, तिच्या निवेदनाच्या स्वरूपातून.

या दृष्टीने विल्यम गॉडविन (१७५६–१८३६) याचे उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे. १७९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पोलिटिकल जस्टिस’ या ग्रंथात त्याने जी भूमिका मांडली, ती आज ज्याला कृतिनिष्ठ उपयुक्ततावाद म्हटले जाते त्याच्या अगदी जवळची, आणि कित्येक ठिकाणी त्याचे सर्वांत निर्भीड रूप म्हणता येईल अशी आहे. पुढच्याच वर्षी, १७९४ मध्ये, त्याची ‘थिंग्ज अ‍ॅज दे आर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ‘केलेब विल्यम्स’ या नावाने ती आज ओळखली जाते. सिद्धान्तकार आणि कादंबरीकार येथे एकच आहे आणि दोन्ही कृतींमधील अंतर जेमतेम सव्वा वर्षाचे आहे. सिद्धान्त कोठे समर्थ ठरतो आणि कोठे त्याची दृष्टी तोकडी पडते, हे पाहण्यास इतकी अनुकूल जागा क्वचितच सापडते.

२

कृतिनिष्ठ उपयुक्ततावादाचे सूत्र थोडक्यात असे. एखाद्या प्रसंगी कर्त्यापुढे जितक्या कृती खुल्या असतील, त्यांपैकी जी कृती संबंधित सर्वांच्या हिताची एकूण बेरीज अधिकाधिक करील ती योग्य, बाकीच्या अयोग्य. ‘सर्वांच्या’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा असतो. कर्ता स्वतः, त्याचे आप्त, परके, शत्रू, बेंथमच्या मते तर वेदना जाणणारा प्रत्येक प्राणी या हिशेबात सारख्याच मोलाने येतो. खरे बोलावे, वचन पाळावे यांसारखे नियम या भूमिकेत मुळीच निरर्थक ठरत नाहीत. पण त्यांचे स्थान अनुभवाने सिद्ध झालेल्या ठोकताळ्यांचे असते. नियम मोडून अधिक हित साधणार असल्याची खात्री असेल, तर नियम मोडणे हेच कर्तव्य होय. नियमनिष्ठ उपयुक्ततावाद हा याउलट कृतीची योग्यता नियमावर आणि नियमाची योग्यता परिणामांवर ठरवतो. या दोन भूमिकांना आजची नावे रिचर्ड ब्रँट यांच्या १९५९ मधील ग्रंथाने रूढ केली, त्यापूर्वी जे. जे. सी. स्मार्ट यांनी १९५६ च्या निबंधात हाच भेद ‘आत्यंतिक’ व ‘मर्यादित’ या विशेषणांनी मांडला होता.

या सिद्धान्ताचे सामर्थ्य नीट ध्यानात न घेता त्याच्यावर आक्षेपांचा भडिमार करणे सोपे आहे. त्याचे पहिले सामर्थ्य असे की, तो कोणत्याही नियमाला देव्हाऱ्यात बसू देत नाही. ज्या नियमाच्या पालनाने या प्रसंगी केवळ दुःखच निर्माण होणार आहे, तो येथेही का पाळावयाचा, या प्रश्नाला नियमवाद्याकडे समाधानकारक उत्तर नसते. स्मार्ट यांनी अशा वृत्तीला नियमपूजा म्हटले ते याच अर्थाने. रूढीच्या नावाखाली अन्याय चालू राहतो तेथे हा प्रश्न विचारण्याचे धैर्य उपयुक्ततावादाने पुरवले, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे. दुसरे सामर्थ्य त्याच्या निःपक्षपातात आहे. तिसरे असे की, कृती न करणे हीदेखील कृतीच आहे, हे तो कर्त्याला विसरू देत नाही. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधील लक्षावधी निर्वासित भारतात अन्ननिवाऱ्यावाचून तडफडत असताना पीटर सिंगर यांनी जो निबंध लिहिला व जो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा सारा जोर या मुद्द्यावर होता. अंतर हे दुर्लक्षाचे समर्थन होऊ शकत नाही, हा त्यांचा युक्तिवाद उपयुक्ततावादी नसलेल्या वाचकालाही सहज झटकून टाकता येत नाही.

गॉडविनने निःपक्षपाताची कसोटी एका प्रसंगातून लावली. कँब्रेचा आर्चबिशप फेनेलों आणि त्याची दासी हे दोघे आगीत सापडले असून एकालाच वाचवता येणार आहे. फेनेलोंच्या हातून अद्याप ‘तेलेमाक’ लिहिले जावयाचे आहे आणि त्या ग्रंथाने हजारो वाचकांचे कल्याण होणार आहे. म्हणून फेनेलोंला वाचवणे हेच न्याय्य. ती दासी वाचवणाऱ्याची पत्नी किंवा आई असली तरी निर्णय बदलत नाही. ‘माझी’ या सर्वनामामुळे न्यायाच्या तराजूत काही भर पडते असे गॉडविन मानत नाही. या उताऱ्यावर इतका गदारोळ झाला की १७९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत दासीच्या जागी सेवक आला आणि आईपत्नीच्या जागी भाऊ व वडील आले. युक्तिवाद मात्र तोच राहिला. साहित्याच्या अभ्यासकाने येथे आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. फेनेलोंच्या जीविताचे मोल एका कथात्म ग्रंथाच्या भावी वाचकांवरून ठरले आहे. वाङ्मयाची उपयुक्तता एवढी मोठी मानणाऱ्या विचारवंताला कथेतल्या सर्वनामाचे मोल मात्र शून्य वाटते.

३

या सिद्धान्तावरील प्रमुख आक्षेप विसाव्या शतकात बहुतेक छोट्या छोट्या कथांच्या रूपाने मांडले गेले. मॅक्लॉस्की यांच्या १९५७ मधील निबंधातला शेरीफ दंगल टाळण्यासाठी एका निरपराध माणसाला गुन्हेगार ठरवावे काय, असा प्रश्न स्वतःला विचारतो. रॉस यांच्या १९३० च्या ग्रंथानंतर मरणासन्न माणसाला एकांतात दिलेल्या वचनाची उदाहरणे चर्चेत रुळली. बर्नर्ड विल्यम्स यांनी स्मार्ट यांच्याबरोबर १९७३ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथात जिम नावाचा प्रवासी दक्षिण अमेरिकेतील एका गावात येऊन पोहोचतो. तेथे वीस जणांना गोळ्या घालण्याची तयारी चालू आहे, आणि जिमने स्वतः एकाला मारले तर उरलेल्या एकोणीस जणांना सोडून देण्याचे आश्वासन त्याला मिळते.

या कथांचे तात्त्विक विश्लेषण पुष्कळ झाले आहे. कथनाच्या अंगाने त्यांच्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. त्या सर्वांत एक सर्वज्ञ निवेदक असतो आणि तो परिणामांची हमी देतो. शेरीफचे कपट कधीही उघडकीस येणार नाही, वचन कोणीही ऐकलेले नाही, सेनाधिकारी आपला शब्द पाळील, या गोष्टी वाचकाने निवेदकाच्या भरवशावर स्वीकारावयाच्या असतात. या हमीमुळेच शेरीफची आणि वचनाची उदाहरणे उपयुक्ततावादाला अडचणीत आणतात. उपयुक्ततावादी म्हणू शकतो, आणि म्हणतोही, की प्रत्यक्ष जगात अशी हमी कोणालाच नसते. म्हणून प्रत्यक्षात शेरीफने खोटेपणा न करणेच हिताचे ठरेल. स्मार्ट यांनी मात्र हा पळवाटेचा मार्ग पूर्णपणे पत्करला नाही. उदाहरणातील गृहीते मान्य केली तर अप्रिय निष्कर्षही मान्य करावा लागतो, असे त्यांनी प्रांजळपणे कबूल केले. या प्रामाणिकपणाची नोंद घेतल्यावरही एक गोष्ट शिल्लक राहते. उपयुक्ततावादाचे विरोधक आणि समर्थक हे दोघेही एकाच निवेदकाच्या आधाराने वाद घालत असतात. तो निवेदक तृतीयपुरुषी आहे, घटनेबाहेर उभा आहे, आणि कथा संपली की त्याला पुढे जगावयाचे नाही.

सिज्विकने १८७४ च्या ग्रंथात विश्वाच्या दृष्टिकोणाची जी कल्पना मांडली, ती या निवेदकाचेच तात्त्विक रूप होय. त्या दृष्टिकोणातून पाहता एका व्यक्तीचे हित दुसऱ्याच्या हिताहून अधिक मोलाचे नसते. निःपक्षपात हे सिद्धान्ताचे बळ याच दृष्टिकोणातून येते. पण विल्यम्स यांचा आक्षेपही नेमका येथेच येऊन भिडतो. वीस जणांच्या मृत्यूऐवजी एकाचा मृत्यू बरा, हे उत्तर जिमच्या प्रसंगात कदाचित बरोबरही असेल. विल्यम्स यांनी ते नाकारलेले नाही. त्यांची हरकत अशी की, ‘दुसरा मारील’ आणि ‘मी मारीन’ यांत जो भेद जिमला जाणवतो, त्या भेदाला या सिद्धान्तात मूलतः जागाच नाही. कर्ता हा परिणामांची वाहतूक करणारे एक माध्यम होतो. रॉल्स यांनी १९७१ मध्ये घेतलेला, उपयुक्ततावाद व्यक्तींच्या वेगळेपणाला गांभीर्याने घेत नाही हा आक्षेप हिशेबात येणाऱ्या इतरांविषयी होता. विल्यम्स यांचा आक्षेप हिशेब करणाऱ्याविषयी आहे.

४

‘केलेब विल्यम्स’ या कादंबरीची हकीकत अशी. फॉकलंड हा सुसंस्कृत, लोकप्रिय जमीनदार आहे. आपल्या प्रतिष्ठेच्या वेडापायी त्याने टिरेल या उर्मट जमीनदाराचा खून केला आहे आणि त्या खुनाबद्दल हॉकिन्स नावाच्या निरपराध बापलेकांना फाशी जाऊ दिले आहे. त्याचा तरुण चिटणीस केलेब हा जिज्ञासेने झपाटून हे रहस्य शोधून काढतो. फॉकलंड त्याच्यापाशी कबुली देतो, पण गुप्ततेच्या शपथेने त्याला बांधून घेतो. पुढे केलेब दूर होऊ पाहताच त्याच्यावर चोरीचा आळ आणतो. तुरुंग, पलायन, पाठलाग यांनंतर अखेर केलेब न्यायाधीशासमोर फॉकलंडवर खुनाचा आरोप ठेवतो.

या कादंबरीला दोन शेवट आहेत. हस्तलिखितात असलेल्या पहिल्या शेवटात केलेबवर कोणी विश्वास ठेवत नाही. तो बंदिवासात पडतो आणि त्याची बुद्धी भ्रमिष्ट होत जाते. काही दिवसांतच गॉडविनने हा शेवट रद्द करून दुसरा लिहिला. तोच छापला गेला. या दुसऱ्या शेवटात मरणोन्मुख फॉकलंडला खुर्चीत बसवून न्यायालयात आणले जाते. त्याची ती अवस्था पाहताच केलेबचा सूड गळून पडतो. तो आरोप करतो, पण त्याचे भाषण फॉकलंडच्या मोठेपणाची साक्ष आणि स्वतःवरील दोषारोप होऊन बसते. फॉकलंड हेलावून जातो, गुन्हा कबूल करतो आणि तीन दिवसांनी मरण पावतो.

आता कृतिनिष्ठ उपयुक्ततावादाच्या दृष्टीने पहिला शेवट कठीण आणि दुसरा सोपा आहे. दुसऱ्या शेवटात सत्य उघड झाले, निरपराध तरुण कलंकमुक्त झाला, छळ थांबला. ज्याचे नुकसान झाले तो माणूस तसाही मृत्यूच्या दारात होता. शपथ मोडली हे खरे, परंतु स्वतः गॉडविन वचनांना स्वतंत्र नैतिक बंधन मानत नव्हता. उद्याच्या विवेकाला आजच बांधून ठेवणारी गोष्ट म्हणून तो त्यांच्याकडे संशयानेच पाहत असे. तेव्हा त्याच्याच सिद्धान्ताने केलेबची कृती योग्य ठरते. असे असताना कादंबरीचा केलेब स्वतःला खुनी म्हणवून घेतो. आरोपाऐवजी आधीच एकांतात मोकळेपणाने फॉकलंडशी बोलावयास हवे होते, ही टोचणी त्याला लागून राहते. स्वतःच्या चारित्र्याचे समर्थन करण्यासाठी त्याने निवेदन हाती घेतले होते. अखेरीस समर्थन करावे असे चारित्र्यच उरलेले नाही, या जाणिवेपाशी निवेदन संपते.

उपयुक्ततावादी येथे दोन उत्तरे देऊ शकतो. पहिले असे की, एकांतातील संवाद हा अधिक हितकर पर्याय उपलब्ध होता आणि तो केलेबने निवडला नाही. म्हणजे त्याची कृती सिद्धान्तानुसारही चुकीचीच होती. या उत्तरात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. केलेबची वेदना पर्याय चुकल्याची हळहळ एवढीच नाही. गणित चुकलेल्याला जे वाटते आणि आपल्या हातून एक माणूस संपला हे कळलेल्याला जे वाटते, त्यांत फरक आहे. विल्यम्स यांनी पुढे कर्त्याच्या अनुतापाचा एक स्वतंत्र प्रकार कल्पिला तो हा फरक दाखवण्यासाठीच. दुसरे उत्तर असे की, अनुताप ही उपयुक्त भावना आहे. ती माणसाला पुढे सावध करते, म्हणून तिची जोपासना करावी. हे उत्तर अधिक चतुर आहे. आर. एम. हेअर यांनी १९८१ च्या ग्रंथात नैतिक विचाराच्या दोन पातळ्या मानल्या त्या अशाच अडचणींतून वाट काढण्यासाठी. नेहमीच्या व्यवहारात रुजलेल्या भावना व नियम यांनी चालावे आणि निवांत चिंतनात परिणामांचा हिशेब करावा. परंतु केलेबला आपला अनुताप उपयुक्त म्हणून पटत नाही. तो खरा म्हणून पटतो. तो केवळ उपयुक्त आहे असे त्याला उमगले, तर त्याच क्षणी तो अनुताप राहणार नाही. सिद्धान्ताला जी भावना हवी आहे ती टिकण्यासाठी कर्त्याने सिद्धान्त विसरणे आवश्यक ठरते.

याच संदर्भात कादंबरीच्या जन्माची एक हकीकत अर्थपूर्ण ठरते. १८३२ मध्ये लिहिलेल्या एका प्रस्तावनेत गॉडविनने सांगितले आहे की, त्याने ही कादंबरी प्रथम प्रचलित रीतीने तृतीयपुरुषी निवेदनात लिहावयास घेतली; पण त्याचे समाधान होईना, आणि त्याने प्रथमपुरुषी निवेदन स्वीकारले. मनाच्या अंतर्गत व्यापारांचे विश्लेषण हा त्याचा हेतू होता व त्याला हेच निवेदन सोयीचे होते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. हा बदल त्याने सिद्धान्त सोडण्यासाठी केला, असे म्हणण्यास आधार नाही. तरीही त्याचा परिणाम दूरगामी झाला. ज्या सर्वनामाला ग्रंथात मोल नव्हते, त्याच सर्वनामात आता कादंबरीतील प्रत्येक कृती सांगितली जाऊ लागली. तृतीयपुरुषात ‘सत्य उघड झाले आणि फॉकलंड मेला’ एवढेच उरले असते. ‘मी उघड केले आणि तो मेला’ हे वाक्य प्रथमपुरुषातच शक्य आहे. दोन्ही वाक्यांतील परिणामांची बेरीज समान आहे.

पुढे १७९७ मध्ये मेरी वुल्स्टनक्राफ्टशी झालेला विवाह आणि त्याच वर्षी कन्येच्या जन्मानंतर ओढवलेला तिचा मृत्यू या घटना गॉडविनच्या आयुष्यात घडल्या. १७९९ मधील ‘सेंट लिऑन’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने आपल्या आधीच्या मतात दुरुस्ती नोंदवली : न्यायाच्या तत्त्वाविषयी त्याला शंका नव्हती, पण घरगुती जिव्हाळा मानवी स्वभावापासून अलग करता येत नाही आणि तो न्यायबुद्धीच्या आड येत नाही, असे त्याला वाटू लागले होते. ही दुरुस्तीही त्याने कादंबरीच्या उंबरठ्यावर केली, हे लक्षणीय आहे.

५

मराठी वाचकाला कर्त्याचा हा प्रश्न अपरिचित नाही. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्य’ (१९१५) मधील चौथे प्रकरण आधिभौतिक सुखवादाच्या परीक्षणाला वाहिलेले आहे. तेथे एका अमेरिकन शहरातील ट्रामचे उदाहरण येते. परवानगी लवकर मिळावी म्हणून अधिकाऱ्यांना लाच दिली गेली, ट्राम लवकर सुरू झाली, लोकांची सोय झाली. पण पुढे प्रकरण न्यायालयात गेले. बहुतांचे हित साधले म्हणून कृती निर्दोष ठरते काय, हा टिळकांचा प्रश्न आहे. केवळ बाह्य परिणामांवरून कृतीची नीतिमत्ता ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, हे त्यांचे उत्तर आहे.

या विवेचनाला एक ऐतिहासिक पार्श्वभूमीही आहे. जॉन स्टुअर्ट मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत नोकरीस होता. त्याचा पिता जेम्स मिल हाही तेथेच होता. इंग्रज उपयुक्ततावाद्यांचा हिंदुस्थानच्या कारभारावर पडलेला प्रभाव एरिक स्टोक्स यांच्या १९५९ मधील ग्रंथाने सविस्तर दाखवला आहे. विल्यम्स व अमर्त्य सेन यांनी १९८२ मध्ये संपादित केलेल्या निबंधसंग्रहाच्या प्रस्तावनेत, राज्यकर्त्यांनी हिशेब करावा आणि प्रजेने साधे नियम पाळावेत अशा प्रकारच्या उपयुक्ततावादाला गव्हर्नरच्या बंगल्याचे नाव दिले गेले, तेव्हा त्यात वसाहतीची आठवण होतीच. हिशेबातील प्रजा नेहमी तृतीयपुरुषी असते. मंडालेच्या तुरुंगात लिहिल्या गेलेल्या ग्रंथाने कर्त्याची बाजू मांडावी, यात म्हणूनच एक औचित्य आहे.

तथापि टिळकांचे उत्तर आणि केलेबचा अनुभव एकरूप नाहीत. टिळक नीतिमत्तेचे केंद्र परिणामांकडून बुद्धीकडे नेतात. बुद्धी शुद्ध व सम असेल तर कर्ता कर्माने लिप्त होत नाही. न्यायालयात केलेबची बुद्धी शुद्ध झालेली असते. तेथे द्वेष उरलेला नसतो. तरीही तो अलिप्त राहू शकत नाही. परिणाम एकंदरीत चांगला आणि हेतूही अखेर निर्मळ असताना कृतीचे जे ओझे शिल्लक राहते, त्याची नोंद दोन्ही सिद्धान्तांत होत नाही. हे ओझे कोणत्याही एका क्षणात नसते. मागील शोध, दिलेली शपथ, भोगलेला छळ आणि पुढे जगावयाचे आयुष्य यांना जोडणाऱ्या सलगतेत ते असते. ती सलगता दाखवणे हे कथेचे क्षेत्र आहे.

यावरून कादंबरीने कृतिनिष्ठ उपयुक्ततावाद खोटा ठरवला असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. दुष्काळात धान्याचे वाटप कसे करावे, तुटपुंजा निधी कोणत्या रुग्णालयाला द्यावा, हे प्रश्न तृतीयपुरुषातच विचारले पाहिजेत. तेथे ‘माझी’ या सर्वनामाने भर घातली तर त्याला वशिला म्हणतात, आणि गॉडविनचा कठोरपणा तेथे आजही आवश्यक आहे. सिद्धान्ताची मर्यादा सुरू होते ती, हाच दृष्टिकोण व्यक्तीच्या संपूर्ण नैतिक जीवनाला पुरेसा आहे असे तो मानतो तेव्हा. काय करावे, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यानंतरही ते केलेला माणूस कोण ठरतो हा प्रश्न उरतो. सिद्धान्ताच्या सर्वांत निर्भीड प्रवक्त्याने तो प्रश्न ग्रंथात विचारला नाही. कादंबरी लिहिताना मात्र त्याला आधी निवेदन बदलावे लागले आणि मग शेवट.